तपासणी ऐच्छिक, नकार दिला तर छावणीबाहेर

१७ जून १८८६ रोजी भारतातल्या ब्रिटिश लष्कराच्या क्वार्टरमास्टर जनरलच्या कचेरीतून एक परिपत्रक निघाले. सही मेजर जनरल चॅपमन यांची, पण बोलत होते सरसेनापती सर फ्रेडरिक रॉबर्ट्स. विषय होता गोऱ्या सैनिकांमधला गुप्तरोग. प्रत्येक पलटणीच्या बाजारात पुरेशा बायका असाव्यात, त्या दिसायला पुरेशा आकर्षक असतील याची काळजी घ्यावी, त्यांना राहायला नीट घरे द्यावीत आणि अंग धुण्याची सोय कायम हाताशी असेल हे कटाक्षाने पाहावे, असा त्याचा आशय होता. घोड्यांच्या चाऱ्याबद्दल किंवा बराकींच्या कौलांबद्दल जी भाषा वापरतात तीच इथेही होती. लिहिणाऱ्याला आपण काही भलते लिहितो आहोत असे वाटल्याची खूण कागदावर कुठेही नाही.

याच वर्षी, जेमतेम दोन महिने आधी, इंग्लंडने आपल्याकडचे सांसर्गिक रोगांचे कायदे रद्द केले होते. १८६४ पासून तिथल्या लष्करी आणि नाविक गावांत वेश्या असल्याच्या पोलिसांच्या नुसत्या संशयावरून बाईला गुप्तरोगाच्या तपासणीसाठी डॉक्टरपुढे उभे करता येत असे. जोसेफिन बटलर यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे सभा घेतल्या, शिव्या खाल्ल्या, पार्लमेंटच्या सभासदांना भंडावून सोडले. १८८३ मध्ये सक्तीची तपासणी थांबली आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये कायदेच गेले. लंडनमध्ये ज्या व्यवस्थेचे श्राद्ध घातले गेले तिला शिमल्याहून नवे बळ देणारे हे परिपत्रक एकट्याने पाहण्यात अर्थ नाही. ते निघाल्यापासून पुढच्या अकरा वर्षांत कलकत्ता, शिमला आणि लंडन यांच्यात जे वाद, खुलासे, दुरुस्त्या आणि घूमजाव झाले तेच या प्रकरणाचे खरे अंग आहे.

चकला कसा चाले

१८५७ नंतर कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले आणि भारतात ठेवायच्या गोऱ्या फौजेचा आकडा चांगलाच फुगला. यातले बहुतेक तरुण, अविवाहित, कामगारवस्त्यांतून भरती झालेले. लग्न करून बायको सोबत आणायची परवानगी फारच थोड्यांना मिळे. बाकीच्यांच्या बायकापोरांचा खर्च सरकारला नको होता. ही मुळातली काटकसर पुढच्या सगळ्या चर्चेत कुणी फारशी काढत नाही. नीतीवर बोलले जाते, हवामानावर बोलले जाते, ‘पूर्वेकडच्या’ स्त्रियांवर तर भरपूर बोलले जाते. सैनिकाला संसार का करू देत नाही, हा प्रश्न मात्र कडेला पडतो.

१८६४ चा कँटोन्मेंट कायदा आला तेव्हा या व्यवस्थेला नियमांची चौकट मिळाली. छावणीच्या हद्दीत पलटणीच्या बाजाराला लागून काही घरे या बायकांसाठी राखून ठेवलेली असत. त्याला चकला म्हणत, कुठे लाल बाजार. बायकांची नावे नोंदवहीत चढत, प्रत्येकीला तिकीट मिळे आणि त्या तिकिटावर तपासणीची नोंद होई. त्यांच्यावर देखरेख करायला महालदारनी नावाची एक बाई असे. नव्या मुली शोधून आणणे, भांडणे मिटवणे, तपासणीच्या दिवशी सगळ्यांना हाकत नेणे ही तिची कामे. रोगी ठरलेली बाई लॉक हॉस्पिटलमध्ये बंद होई आणि बरी झाल्याचा शेरा मिळाल्याशिवाय तिला बाहेर पडता येत नसे. कँटोन्मेंट मॅजिस्ट्रेट, लष्करी डॉक्टर, महालदारनी आणि दाई अशा चार खांबांवर हा मांडव उभा होता. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली, कामठी इथल्या छावण्याही याच कायद्याखाली होत्या. उत्तरेतल्या अंबाला-मेरठचीच नावे पुढे गाजली, म्हणून आपल्याकडचे विसरायचे कारण नाही.

शहरांतल्या वेश्यांच्या नोंदणीसाठी आणि तपासणीसाठी १८६८ चा चौदावा कायदा वेगळा. कलकत्त्यात तो १८६९ पासून लागू झाला. तिथे लोक त्याला ‘चौद्दो आईन’ म्हणत, आणि त्याच्या धाकाने कित्येक बायका फ्रेंचांच्या चंदननगरात निघून गेल्या. सुखीमोनिया रौर नावाच्या एका बाईवर तिथे तपासणीला हजर न राहिल्याचा खटला झाला. मी वेश्याच नाही, तर तपासणीला का जाऊ, असे तिचे म्हणणे होते. एकदा नाव वहीत चढले की ते खोटे ठरवायचे ओझे त्या बाईच्याच डोक्यावर येई.

मुंबईची गोष्ट अस्सल मुंबईची आहे. इथे १८७० मध्ये कायदा लागू झाला आणि १८७२ मध्ये बंद पडला. खर्च कोणी करायचा यावर सरकार आणि नगरपालिका यांचे जमेना. रोग लष्कराचा, जहाजांवरच्या खलाशांचा. मग पैसा शहराच्या करदात्यांनी का भरायचा, असा नगरपालिकेच्या बाजूचा रोख. १८८० मध्ये तो पुन्हा लागू झाला आणि १८८८ पर्यंत रखडत चालला. स्त्रीच्या देहावरच्या हक्कासाठी इंग्लंडमध्ये जे वर्षानुवर्षे लढून मिळाले ते मुंबईत आठ वर्षांसाठी का होईना, हिशेबाच्या वहीने मिळवून दिले. याला योगायोग म्हणायचे की मुंबईचा स्वभाव, हे ज्याने त्याने ठरवावे.

डॉक्टरला काय दिसत होते

या वादात एक बाजू नीतीची आणि दुसरी शास्त्राची अशी मांडणी अनेकदा केली जाते. ती मला पटत नाही, कारण शास्त्राची बाजू त्या काळी फार लंगडी होती.

परम्याचा (गनोरियाचा) जंतू नायसरने १८७९ मध्ये दाखवला. गरमीचा (सिफिलिसचा) जंतू १९०५ पर्यंत कुणी पाहिलेला नव्हता. रक्ताची वासरमान चाचणी १९०६ ची, आणि साल्व्हारसन हे बऱ्यापैकी गुणकारी औषध १९१० चे. म्हणजे १८८६ मध्ये छावणीतला डॉक्टर जे करत होता ते डोळ्यांनी पाहणे होते, त्यापलीकडे काही नाही. फोड दिसला, स्राव दिसला तर ‘रोगी’. बाईच्या अंगात परमा बाहेर काहीही न दाखवता महिनोन्महिने राहू शकतो आणि उलट साधा पांढरा स्राव रोग म्हणून नोंदला जाऊ शकतो. गरमीचा पहिला फोड आपोआप बरा होतो. रोग आत राहतो. अशा वेळी तिकिटावर पडलेल्या ‘निरोगी’ शेऱ्याची किंमत सैनिकाच्या लेखी मोठी होती, प्रत्यक्षात फार थोडी. उपकरणे दर वेळी उकळून घेण्याची पद्धत तेव्हा सर्वत्र रुजलेली नव्हती, त्यामुळे तपासणीच्या खोलीतूनच रोग एकीकडून दुसरीकडे जाण्याचा धोकाही होता. उपचार म्हणजे पारा. पाऱ्याने दात हलत, तोंड येई, लाळ गळे.

आणि तपासायचे कोणाला? बाईला. रोग दोघांमध्ये फिरतो हे कळायला जंतूशास्त्राची गरज नव्हती. पण सैनिकांची अशी नियमित तपासणी करणे त्यांच्या मानाला धक्का लावणारे, डॉक्टरांनाही ओशाळवाणे, आणि शिस्तीला मारक मानले गेले. सैनिक स्वतः इस्पितळात येईल तेव्हा त्याच्यावर उपचार होत. बाई मात्र ठरलेल्या दिवशी रांगेत. सार्वजनिक आरोग्याचा एखादा उपाय रोगाच्या अर्ध्याच वाटेवर पहारा बसवत असेल, तर त्याचे यश आकड्यांत दिसणार कसे? लॉक हॉस्पिटलांच्या वार्षिक अहवालांत ते दिसतही नव्हते. प्रमाण कधी वर जाई, कधी खाली. जिथे नियम कडक तिथेही हमखास घट नव्हती. अहवाल लिहिणारे त्याचा दोष नोंदणी न झालेल्या बायकांवर टाकत. गवत कापायला, शेण गोळा करायला, मजुरीला छावणीत येणाऱ्या गरीब बायका लपूनछपून हा धंदा करतात, त्यांना पकडले पाहिजे, हा सूर वर्षानुवर्षे ऐकू येतो. उपाय फसला की त्याचे जाळे आणखी पसरायचे, असा तो क्रम होता.

मागणीपत्रक

परिपत्रक खाली पोचल्यावर पलटणींनी त्याचा अर्थ नेमका तोच घेतला जो त्यात लिहिलेला होता. ऑगस्ट १८८६ मधला एक कागद पुढे फार गाजला. चेशायर रेजिमेंटची दुसरी तुकडी तेव्हा शिमल्याच्या वाटेवरच्या सोलनला होती. तिच्या अधिकाऱ्याने अंबाल्याच्या कँटोन्मेंट मॅजिस्ट्रेटकडे ‘आकर्षक’ बायकांची मागणी पाठवली. सैनिक इतके, सध्या बायका इतक्या, आणखी इतक्या हव्यात. परिपत्रकात म्हटल्याप्रमाणे तरुण आणि दिसायला चांगल्या पाठवाव्यात; अंबाल्याहून सोलनपर्यंतचे एक्क्याचे भाडे त्या पोचल्यावर रेजिमेंट देईल. जालंदरला असलेल्या कॉनॉट रेंजर्सच्या अधिकाऱ्याने लिहिले की याआधीही मॅजिस्ट्रेटकडे अशी मागणी केली होती, फारसा उपयोग झाला नाही, पुन्हा करू.

भाडे पोचल्यावर. या एका तपशिलाने इंग्लंडमधल्या मध्यमवर्गाची झोप उडवली, आणि ते समजण्यासारखे आहे. ‘आम्ही फक्त रोगावर नियंत्रण ठेवतो, धंदा आम्ही चालवत नाही’ हा सरकारचा बचाव होता. माल मागवल्याची पावतीच हाती लागल्यावर तो टिकणे कठीण.

हे कागद बाहेर येण्यामागे आल्फ्रेड डायर नावाचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथातला पत्रकार होता. लंडनहून तो ‘द सेंटिनेल’ काढत असे. १८८७-८८ च्या हिवाळ्यात तो भारतात फिरला, छावण्या पाहिल्या आणि मजकूर इंग्लंडला पाठवत राहिला. बरेलीत सैनिकांच्या तंबूंसमोरच, मध्ये फक्त रस्ता ठेवून, या बायकांचे तंबू उभारलेले पाहिल्याचे त्याने लिहिले. डायर पुढे मुंबईत राहिला आणि ‘बॉम्बे गार्डियन’ चालवू लागला. त्याचे लेखन वाचताना कुणाचीही थोडी पंचाईत होते. माहिती खरी, धाडस खरे. पण बायकांबद्दल बोलताना तो ‘पाप’ आणि ‘मूर्तिपूजक देश’ यांच्या पलीकडे क्वचितच जातो. या बायका बाजारात कशा आल्या, दुष्काळाने, वैधव्याने की नवऱ्याने टाकल्यामुळे, हे त्याला साक्ष म्हणून हवे असते. त्यांना स्वतःला काय हवे होते, हा प्रश्न त्याच्या कामाचा नव्हता.

५ जून १८८८ रोजी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये वॉल्टर मॅक्लॅरेन यांनी ठराव मांडला: भारतातली स्त्रियांची सक्तीची तपासणी आणि वेश्याव्यवसायाला परवाने देण्याची पद्धत नुसती तहकूब करणे पुरेसे नाही, ती ज्या कायद्यांनी चालते ते कायदेच रद्द झाले पाहिजेत. परिपत्रकाचा मजकूर तोवर सभासदांच्या हाती होता. त्याची बाजू उघडपणे घ्यायला कोण उभे राहणार? ठराव मंजूर झाला. परिपत्रक मागे घेण्यात आले आणि त्याच वर्षी भारत सरकारने १८६८ चा कायदा रद्द केला. मुंबईतली अंमलबजावणीही त्याबरोबर संपली.

इथे प्रकरण संपायला हवे होते.

देवीचा रोग, पटकी आणि ‘इतर’

१८८९ चा तेरावा कायदा म्हणजे नवा कँटोन्मेंट कायदा. त्याच्या आधारे केलेले नियम वाचणाऱ्याला वेश्याव्यवसाय शोधूनही सापडला नसता, इतक्या साळसूदपणे ते लिहिलेले होते. त्यात ‘सांसर्गिक आणि संसर्गजन्य विकार’ होते. देवी, पटकी असल्या रोगांबरोबर गुप्तरोगही त्यात आपोआप बसत होते, नाव न घेता. नियम असे: छावणीतली एखादी व्यक्ती अशा विकाराने आजारी आहे असे डॉक्टरला वाटले, तर तिला इस्पितळात यायला सांगता येईल. तिने नकार दिला, किंवा बरी होण्याआधी निघून गेली, तर तिला छावणीच्या हद्दीबाहेर काढता येईल आणि परवानगीशिवाय परत येता येणार नाही.

कुठे आहे सक्ती? कुणाला पकडून टेबलावर झोपवा असे कुठेही लिहिलेले नाही. दंड नाही, कैद नाही. बाईची इच्छा असेल तर तिने तपासणीला यावे, नसेल तर छावणी सोडावी. भारत सरकारच्या बाजूचा हा युक्तिवाद कागदावर निर्दोष होता, आणि म्हणूनच या सगळ्या प्रकरणात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पटकीच्या रोग्याला वेगळे ठेवायला तुमची हरकत नाही ना? मग हाच न्याय इथे. पार्लमेंटने वेश्यांना वेगळे काढून त्यांच्यासाठी खास कायदा नको म्हटले होते. आम्ही तर कुणालाच वेगळे काढलेले नाही.

आता चकल्यातल्या बाईच्या जागेवरून पाहू. तिचे घर छावणीने दिलेले. गिऱ्हाईक छावणीतले. महालदारनीकडे बहुधा तिचे कर्ज. आसपासच्या गावात तिला कोणी भाड्याने खोली देणार नाही, आणि दिली तरी पोट कशावर भरायचे? हद्दीबाहेर काढणे म्हणजे घर, अन्न आणि ओळख तिन्ही एका दिवसात जाणे. ही धमकी डोक्यावर असताना दर आठवड्याला ‘स्वखुशीने’ तपासणीला जाणे हा निर्णय कसला. त्याच वेळी, पटकी झालेल्या शिपायाला किंवा देवी आलेल्या सावकाराच्या मुलाला याच कलमाखाली छावणीबाहेर काढण्याचा विचारही कुणी करणार नव्हते. कलम सगळ्यांसाठी होते. लागणार होते ते एकाच वस्तीला.

वाईट हेतूने आखलेली ही फसवणूक होती, असे म्हणायचा मोह होतो. पण तसे म्हटले तर प्रकरण फार सोपे होऊन जाते. शिमल्यातल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना खरोखर वाटत होते की लंडनमधल्या पुण्यवान मंडळींना भारत कळत नाही, सैन्य निकामी झाले तर जबाबदारी आपल्यावर येणार, आणि बायकांवर उपचार होणे हे शेवटी बायकांच्याही भल्याचे आहे. यातला शेवटचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. इस्पितळ नुसते उघडे ठेवले असते, दाराशी हद्दपारीचे कलम नसते, तर काहीजणी आपण होऊन आल्या असत्या. तो मार्ग गांभीर्याने आजमावला गेला नाही, कारण गणित बाईच्या प्रकृतीचे मांडलेलेच नव्हते. ते सैनिकाच्या हजेरीचे होते.

दोन अमेरिकन बायका आणि एक माफी

१८९१ च्या अखेरीस एलिझाबेथ अँड्रू आणि डॉ. केट बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रिया बटलर यांच्या वतीने भारतात आल्या. बुशनेल स्वतः डॉक्टर होत्या, चीनमध्ये काम केलेल्या. त्या दोघी उत्तरेतल्या दहा छावण्यांत फिरल्या. कुणाला आगाऊ कळवले नाही, अधिकाऱ्यांकडून परवाने मागितले नाहीत. लॉक हॉस्पिटलात गेल्या, चकल्यात गेल्या, महालदारनींशी बोलल्या आणि त्या बायकांशी दुभाष्यामार्फत बोलल्या. त्यांना जे दिसले ते थोडक्यात असे: नोंदवह्या चालू, ठरावीक दिवसांच्या तपासण्या चालू, महालदारनी चालू, पलटणीबरोबर बायकांचे स्थलांतरही चालू. बायका तपासणीचा तिटकारा करत होत्या आणि नकार दिला तर काय होते हे प्रत्येकीला माहीत होते.

१८९३ मध्ये लंडनला चौकशी समिती बसली. अध्यक्ष जॉर्ज रसेल, तेव्हाचे इंडिया ऑफिसचे उपमंत्री. सोबत जेम्स स्टॅन्सफेल्ड आणि हेन्री विल्सन, दोघेही बटलर यांच्या बाजूचे जुने लढवय्ये. भारताचे माजी सरसेनापती सर डोनाल्ड स्ट्युअर्ट. आणि सर जेम्स पील. हे पील आपल्या ओळखीचे असायला हवेत. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत त्यांचे आयुष्य गेले, शिक्षण खात्याचे ते संचालक होते, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतात मुरलेला प्रशासक, आणि भारतात मुरलेल्या प्रशासनाची बाजू घेणारा.

दोघींनी साक्ष दिली. लष्कराकडून आधी साफ इन्कार होता. सर फ्रेडरिक, आता लॉर्ड रॉबर्ट्स, याच वर्षी सरसेनापतिपद सोडून मायदेशी परतले होते. १८८८ नंतर असे काही माझ्या माहितीत चालू नव्हते, अशी त्यांची भूमिका होती. मग भारतातून मागवलेले खुलासे आले आणि अँड्रू-बुशनेल यांची विधाने मुख्यतः बरोबर असल्याचे दिसून आले. रॉबर्ट्स यांनी लेखी माफी मागितली. त्या काळी नुकत्याच पदावरून उतरलेल्या सरसेनापतीने दोन बिगर-ब्रिटिश धर्मप्रचारक बायकांची जाहीर माफी मागणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि ती त्यांनी आढेवेढे न घेता मागितली हे त्यांच्या खात्यावर जमा धरायला हरकत नाही. माफी त्या दोघींची मागितली, हेही खरे. चकल्यातल्या बायकांची माफी मागायची असते असे कुणाच्या मनातही आले नाही, त्या दोघींच्याही नाही.

समितीच्या बहुमताने, म्हणजे रसेल, स्टॅन्सफेल्ड आणि विल्सन यांनी, कॉमन्सचा ठराव मोडला गेला आहे असा निष्कर्ष काढला. नियमांच्या भाषेवर विसंबून चालणार नाही, जे करायचे नाही ते कायद्यातच स्पष्ट मनाई करून सांगावे लागेल. स्ट्युअर्ट आणि पील यांनी वेगळे मत नोंदवले. समितीतली ही फाळणी मला बोलकी वाटते. जे कधी चकल्याच्या व्यवस्थेचे मालक नव्हते त्यांनी तिचा अर्थ परिणामांवरून लावला. ज्यांनी अशा व्यवस्था उभ्या केल्या आणि चालवल्या त्यांनी तो कलमांवरून लावला.

१८९५ आणि १८९७

लंडनच्या आदेशावरून १८९५ मध्ये कँटोन्मेंट कायद्यात दुरुस्ती झाली आणि नियमित तपासणी व नोंदणीला स्पष्ट मनाई झाली. व्हाइसरॉय एल्गिन यांच्या सरकारला हा आदेश रुचला नव्हता. आमच्या कायदेमंडळाने लंडनच्या हुकमावर हात वर करायचे का, असा सूर निघाला. अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात आणखी एक भीती डोकावते: चकले बंद झाले तर सैनिक एकमेकांकडे वळतील. ती भीती कुणी मोकळेपणाने लिहीत नाही, ‘याहून वाईट दुर्गुण’ अशा आडवळणाने ती येते, पण निर्णयांवर तिची छाया आहे.

मग आकडे आले. १८९५ मध्ये भारतातल्या गोऱ्या फौजेत गुप्तरोगासाठी इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण दर हजार सैनिकांमागे ५०० च्या वर गेले. इंग्लंडची वर्तमानपत्रे हादरली: अर्धे सैन्य सडले! हा आकडा दाखल होण्याचा होता, माणसांचा नव्हे. एकच शिपाई वर्षात तीनदा दाखल झाला तर तो तीनदा मोजला जाई. शिवाय वाढ १८९५ च्या बरीच आधीपासून, चकले धडधडीत चालू असतानाच सुरू झाली होती. हे त्या काळीही सांगितले गेले; ऐकले कोणी नाही. मायदेशी परतलेले रोगी शिपाई निष्पाप बायकांना आणि मुलांना रोग देतील, ही भीती त्याहून मोठी ठरली. बटलर यांच्या बाजूलाही तडा गेला. १८९७ मध्ये प्रतिष्ठित इंग्रज स्त्रियांचे जे निवेदन भारतमंत्र्यांकडे गेले त्यात नियंत्रणाची मागणी होती, आणि सही करणाऱ्यांमध्ये, स्वतःची एक पुस्ती जोडून का होईना, फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. ज्यांनी एकेकाळी याच कायद्यांना विरोध केला होता, त्या.

मार्च १८९७ मध्ये भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी भारत सरकारला नव्या धोरणाचे पत्र पाठवले. १८९५ ची मनाई रद्द झाली. परत आला तो तोच जुना तोडगा: रोगाचा संशय असेल तर इस्पितळ, नकार असेल तर हद्दपारी. १८९९ च्या कँटोन्मेंट कोडमध्ये तो रुजला.

त्याच वसंतात पुण्यात प्लेग होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला होता आणि रँडच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. बायकांच्या अंगाला हात लावला जातो, माजघरात बूट घालून शिरतात, याने शहर पेटले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. आरोग्याच्या नावाने परक्या सैनिकाने बाईचे शरीर तपासणे म्हणजे काय, हे पुणेकरांना त्या वर्षी कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुण्याच्या छावणीतल्या चकल्यात ते ३० वर्षांहून अधिक काळ चालू होते. त्यावर तसा आगडोंब कधी उसळला नाही. रँडच्या झडत्यांवरचा राग खोटा होता असे यातून मुळीच निघत नाही. तो राग कोणत्या उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबत होता एवढेच दिसते.

१९०० नंतर सैन्यातले रोगाचे प्रमाण घसरू लागले आणि पहिल्या महायुद्धाच्या आधी ते हजारी १०० च्या खाली आले. श्रेय घ्यायला सगळेच पुढे होते. नियंत्रणवाल्यांनी १८९७ च्या नियमांकडे बोट दाखवले. त्यांच्या विरोधकांनी नंतरचा सरसेनापती किचनर याच्याकडे दाखवले. त्याने सैनिकांना संयमाचे पत्रक काढले होते, खेळ, वाचनालये आणि दारूबंदीच्या मंडळ्यांना जोर दिला होता. डॉक्टर म्हणत, उपचार सुधारले, बाहेरच्या रुग्णांत बरे होणारे शिपाई दाखल म्हणून मोजले जाणे कमी झाले. बहुधा तिघांचेही थोडे थोडे खरे असावे. हद्दीबाहेर काढलेल्या बायका छावणीच्या वेशीपलीकडे, सदर बाजाराच्या टोकाला वस्ती करून राहिल्या, आणि शिपाई तिथवर चालत जात. ती वस्ती कँटोन्मेंटच्या हद्दीत नसल्यामुळे तिचा रोग कँटोन्मेंटच्या अहवालात येत नव्हता.